मदत हवी आहे: मोठ्यानं बोललं की रेडिओ बंद पडतो

राधानगरी_रोड
गेल्या रविवारी अख्खं हॅम स्टेशन (हौशी रेडिओचं सामान) तळमजल्यावरून वरच्या खोलीत हलवलं. नवीन टेबल, नवीन १०० वॉटचा रेडिओ (सेकंडहँड, पण मला नवीन). ऐकायला एक नंबर. पीटीटी (मायकाचं बोलायचं बटण) दाबून बोललो की बंद. डिस्प्ले जातो, परत येतो. सकाळी चाळीस मीटर बँडच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी सगळे हवेत जमतात तिथं, हजेरी लावायला गेलो आणि कॉलसाइन (माझं रेडिओवरचं नाव) अर्धाच पोचला. परवाच्या रविवारच्या आत दुरुस्त व्हायला हवंय. टेबलावर काय कुठं मांडावं तेही सांगा. फोटो नंतर टाकतो.

बारा_वेढे
अँटेना कुठली? सप्लाय कुठला? "पोटात दुखतंय" म्हणून फोन ठेवून देणाऱ्या पेशंटसारखं झालं हे.

राधानगरी_रोड
एंड-फेड (एका टोकाला जोडलेली लांब तार), गच्चीवरनं. सप्लायचा काही प्रश्न नाही, ३० अँपिअरचा एसएमपीएस (हलका स्विचिंग सप्लाय) आहे, त्याच्या डिस्प्लेवर १३.८ व्होल्ट दिसतंय. खाली दोन वर्षं चालला.

बारा_वेढे
मग सरळ आहे. एंड-फेडचं टोक खिडकीपाशी आणलंस ना? आरएफ (रेडिओच्या लहरी) कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, बाहेरून परत खोलीत येतंय. फेराइट रिंगवर कोॲक्सचे दहा-बारा वेढे घे, चोक होतो, परत येणारं आरएफ अडतं. माझ्याकडं तर बोललो की दारावरची बेल वाजायची.

जुना_ट्रान्सफॉर्मर
एसएमपीएस फेकून द्या. माझा लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय दोघांनी उचलावा लागतो, पण बँडवर कचरा (खरखर) नाही. हल्लीच्या पोरांना सगळं हलकं पाहिजे.

बारा_वेढे
काका, त्यानं कचऱ्याचं विचारलंच नाही.

मीठ_कोळसा
अर्थिंग! सहा फूट खड्डा, मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. उन्हाळ्यात पाणी घालायचं.

उद्यमनगर_कट्टा
भावा, दोन प्रश्न. एक, हळू बोललास तर चालतो का? दोन, खाली दोन वर्षं सप्लायवर काय जोडलेलं होतं?

राधानगरी_रोड
हळू बोललं तर चालतो! घसा मोकळा केला की गेला. पॉवर २० वर ठेवली तरी चालतो. खाली जुना २० वॉटचा सेट होता.

उद्यमनगर_कट्टा
आणि हे आत्ता सांगतोयस मर्दा! सप्लाय कुठं ठेवलायस?

राधानगरी_रोड
फॅनचा लई आवाज करतो म्हणून गॅलरीतल्या कपाटात. वायरिंगची उरलेली दीडची (दीड चौरस मिलिमीटर) वायर ओढली, पाचेक मीटर.

उद्यमनगर_कट्टा
सापडलं. पाच जायचे, पाच यायचे, दहा मीटर दीडची वायर म्हणजे ०.१२ ओहम. १०० वॉटचा सेट जोरात बोलल्यावर २० अँपिअर खेचतो. वायरीतच जवळपास अडीच व्होल्ट गेले. सेटपाशी उरले ११.४, आणि बहुतेक सेट ११.७ च्या खाली हात वर करतात. तू बघतोयस ते १३.८ सप्लायच्या तोंडाशी आहेत. एसएसबीत (आपण बोलायला वापरतो ती पद्धत) आवाज चढला की करंट चढतो, म्हणून हळू बोललं की चालतं.

बारा_वेढे
पॉवर कमी केली की आरएफही कमी होतं, त्यामुळे २० वॉटवर चालला यातनं काहीच सिद्ध होत नाही. अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर पिणारा नुसता रेझिस्टर) लावून बघ. त्यावरही बंद पडला तर मी गप्प बसतो.

उद्यमनगर_कट्टा
डमी लोड आणायला कुठं जाईल तो? मीटर घे, सेटच्या मागच्या प्लगवर धर, दुसऱ्याला "हॅलोऽऽ" ओरडायला लाव.

तांबडा_पांढरा
मिरजेत राहतो, हे लायसन्स कसं काढतात? मोर्स यावं लागतं का?

मीठ_कोळसा
रिस्ट्रिक्टेड ग्रेडला (खालची श्रेणी) मोर्स लागत नाही, परीक्षा मात्र आहे. अर्थिंग आधी करा.

राधानगरी_रोड
आईला मायकात ओरडायला लावलं. १३.६ वरनं ११.३, आणि गेला. म्हणून सप्लाय टेबलाखाली आणला, सहाची वायर दीड मीटर, सेटकडच्या टोकाला फ्यूज. आता पूर्ण १०० वर घसा फाडला तरी हलत नाही. फक्त फॅनचा आवाज मायकात जातोय, नेटवर एकानं "गिरणी चालू आहे का" विचारलं.

बारा_वेढे
फ्यूज सप्लायकडच्या टोकाला पाहिजे. मधे वायर चिमटली तर जळणार ती वायर. आणि चोक बसवच.

राधानगरी_रोड
बसवतो. टेबलाचं मात्र कोणीच सांगितलं नाही.

उद्यमनगर_कट्टा
भिंतीला चिकटवू नकोस, मागं हात जाईल एवढी फट ठेव. आणि वळवाचे दिवस आहेत, विजेचा भरवसा नाही, वर जाऊन कोॲक्स काढून ठेव आधी.

तांबडा_पांढरा
परीक्षेला अर्ज कुठं करायचा?