हंगेरियन व्याकरण: मराठी माणसानं सुरुवात कुठून करावी?

परभणीचा पाहुणा
कृषी पदवी झाली, आता हंगेरीतल्या देब्रेत्सेनला एम.एस्सी.ला चाललोय. शिकवणं इंग्रजीत आहे, पण बाजारात, बसमध्ये हंगेरियनच लागणार. पुस्तक उघडलं तर पहिल्याच धड्यात 18 विभक्त्यांचा तक्ता. पाठ करायला घेऊ का?

लातूरकर ताई (सध्या सेगेद)
भाऊ, तक्ता बाजूला ठेव. प्रत्यय आपल्याला नवे नाहीत. 'हाझ' घर, 'हाझबॉन' घरात, 'हाझबोल' घरातून. आपलं सामान्यरूप होतं तसं तिथंही मूळ शब्द थोडा बदलतो: 'ऑल्मॉ' सफरचंद, कर्म झालं की 'ऑल्मात'. नवा आहे तो स्वरमेळ, म्हणजे शब्दातल्या स्वरांप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलणं. 'केर्त' म्हणजे बाग, तिथं 'बॉन' चालत नाही, 'केर्तबेन' होतं. गावांचं मात्र गावागणिक वेगळं. देब्रेत्सेनमध्ये म्हणजे 'देब्रेत्सेनबेन', पण सेगेदमध्ये 'सेगेदेन'. आपलं लातूर परदेशी गाव, म्हणून 'लातूरबॉन'.

खरा जोर क्रियापदावर लाव. 'लातोक एज्य हाझॉत' म्हणजे मला एक घर दिसतंय, कुठलंही. 'लातोम ऑ हाझॉत' म्हणजे ते ठरलेलं घर दिसतंय. कर्म मोघम की ठरलेलं, त्यावर क्रियापदाचं रूप बदलतं. इंग्रजीतून शिकणारे इथंच अडतात. आपण 'आंबा खाल्ला', 'भाकर खाल्ली' म्हणतो, म्हणजे आपलंही क्रियापद कर्माकडं बघतंच की. आपलं लिंग बघतं, त्यांचं ओळख बघतं. लिंग तिथं नाहीच, तो आणि ती दोघांना एकच शब्द. आणि कर्ता 'मी' न् कर्म 'तू' असेल तर तिसरंच रूप: 'लातलॉक', मी तुला बघते. एवढं सगळं एका शब्दात! मला ही भाषा आवडली ती इथं.

कर्म घेणारं प्रत्येक नवं क्रियापद मोघम आणि ठरलेल्या कर्माच्या दोन्ही रूपांत, जोडीनंच पाठ कर. एकेकटं शिकलास तर बोलताना अडशील.

नांदेडकर
वाचताना एस दिसला की 'श' म्हणायचं. एस-झेड जोडून आलं तर 'स'. आघात कायम पहिल्या अक्षरावर.

परभणीचा पाहुणा
ताई, 'मला दोन भावंडं आहेत' कसं म्हणायचं? इंग्रजी 'हॅव'सारखं क्रियापद कोशात सापडेना.

लातूरकर ताई (सध्या सेगेद)
सापडणार नाही, मराठीसारखंच आहे ते. 'नेकेम केत तेश्तवेरेम वॉन.' नेकेम मला, केत दोन, तेश्तवेर भावंड, शेवटचा 'एम' म्हणजे माझं. आणि आकडा आला की नाम एकवचनीच ठेवायचं, म्हणून शेवटी 'आहेत' नाही, 'आहे': वॉन.