मदत हवी आहे: एकाच स्पॉटच्या ट्यूबांमध्ये ईई (एनँशिओमेरिक एक्सेस, म्हणजे दोन आरसाप्रतिमांपैकी एक दुसरीपेक्षा किती टक्के जास्त) वेगवेगळा येतोय, नक्की कुठला आकडा धरायचा?

जाणकारांनी प्लीज जरा प्रकाश टाका, पार अडकलेय.

मी असिमेट्रिक कॅटॅलिसिसवर काम करते, म्हणजे कॅटॅलिस्ट वापरून त्या दोनांपैकी एकच रूप जास्त बनवायचं. प्रॉडक्ट साधं सेकंडरी अमाइड आहे, एनएचला लागूनच कायरल कार्बन, म्हणून रेणूची डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं (एनँशिओमर), आर आणि एस. रिअ‍ॅक्शन झाली की नेहमीप्रमाणे सिलिकाचा कॉलम, हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट, टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ पट्टीवर) एकच गोल स्वच्छ स्पॉट. एरवी त्या स्पॉटच्या सगळ्या ट्यूबा एकत्र करून रोटाला (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्राला) लावते, यावेळी ट्यूबा वेगवेगळ्या कायरल एचपीएलसीला (आर आणि एस वेगळे करून मोजणाऱ्या मशीनला) दिल्या, तर पहिल्या ट्यूबांचा ईई क्रूडपेक्षा (कॉलमआधीच्या कच्च्या मालापेक्षा) चांगलाच जास्त आणि शेपटीकडे जाता जाता उतरत गेलेला. कॉलम साध्या सिलिकाचा, सॉल्व्हंट साधे, कायरल असं त्यात काहीच नाही, मग आर आणि एस वेगळे पळतातच कसे? आम्हाला तर शिकवलंय की अकायरल वातावरणात दोन्ही एनँशिओमर अगदी सारखे वागतात.

त्यात भर म्हणजे सीडीसीएल३ (ड्युटेरियमवाला क्लोरोफॉर्म) मधला प्रोटॉन एनएमआर. मिथाइलचा डबलेट (दोन रेघांचा सिग्नल) दुहेरी दिसतोय, मोठ्याच्या शेजारी एक छोटा, एनएचचंही तेच. आधी वाटलं रोटामर (त्याच रेणूचा बॉन्डभोवती फिरलेला आकार) असेल किंवा कसलीतरी भेसळ, पण त्याच बॅचचा डीएमएसओमध्ये घेतला तर छोटा सेट गायब. आणि पोलरीमीटरवर क्लोरोफॉर्ममध्ये रोटेशन (सँपल प्रकाशाचं प्रतल किती फिरवतं ते) मोजून शुद्ध सँपलच्या रोटेशनने भागलं तर जो टक्का येतो तो एचपीएलसीच्या ईईशी जुळत नाही.

लॅबमधल्या सीनियरचं म्हणणं, चांगल्या ट्यूबा घे, तोच ईई पेपरच्या टेबलमध्ये टाक, सगळे तेच करतात. मला ते पटत नाही, कारण टेबलमधला आकडा माझ्या कॅटॅलिस्टचा असायला हवा, सिलिकाचा नाही, आणि उद्या कोणी तीच रिअ‍ॅक्शन करून बघितली तर त्याला तो मिळायला हवा. तर हे तीन घोळ वेगवेगळे आहेत की एकच? आणि खरा ईई कुठला? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १:
तिन्ही एकच आहेत. तुमचे रेणू सुटे नाहीयेत, क्लोरोफॉर्म, हेक्झेन असल्या सॉल्व्हंटमध्ये अमाइडचा एनएच शेजारच्या रेणूच्या कार्बोनिलला हायड्रोजन बॉन्डने धरतो आणि जोड्या किंवा साखळ्या बनतात. आर-आर आणि आर-एस या जोड्या एकमेकींच्या डायास्टेरिओमर (आरसाप्रतिमा नसलेली रूपं) झाल्या, त्यांची ऊर्जा, विद्राव्यता, सिलिकाला चिकटणं सगळं वेगळं असू शकतं. अकायरल वातावरणात दोन्ही सारखे वागतात हे शिकवलेलं बरोबरच आहे, पण ज्या सँपलमध्ये एक हात जास्त आहे तिथे आजूबाजूचे रेणूच कायरल वातावरण झालेले असतात.

हिशोब करून बघा. समजा आर 90 आणि एस 10, म्हणजे ईई 80 टक्के, आणि जोड्या निव्वळ योगायोगाने लागतात. मग आर-आर 81, आर-एस 18, एस-एस 1. आर-एस जोडीचा ईई शून्य, आणि तेवढ्या जोड्या बाजूला काढल्या तर उरलेल्यात 81 ला 1, म्हणजे ईई 97 च्या पुढे! प्रत्यक्षात जोड्या सारख्या तुटत-जुळत असतात त्यामुळे इतकं स्वच्छ वेगळं होत नाही, पण एक जोडी सिलिकावर जरा जास्त रेंगाळली तरी पहिल्या आणि शेवटच्या ट्यूबेत फरक पडतो. पुढे जास्त ईई येणार की मागे, हे कंपाउंडवर आणि सॉल्व्हंटवर आहे, त्याचा नियम धरून बसू नका.

याला एनँशिओमरचं सेल्फ-डिस्प्रपोर्शनेशन म्हणतात, एसडीई. नाव सोलोशोनोक यांनी 2006 च्या सुमारास रूढ केलं, पण प्रकार जुना आहे, 1983 मध्ये कंडी आणि क्रुक्स यांनी कार्बन-14 लावलेल्या निकोटिनवर अकायरल एचपीएलसीत हे दाखवलं होतं. अमाइड, सल्फॉक्साइड यांच्यात हा त्रास फार, वन-फिनाइलइथाइलअमाइनचं अ‍ॅसिटाइल अमाइड तर यातलं नेहमीचं उदाहरण.

प्रतिसाद २:
एनएमआरबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या हातात तिथे फुकटची माहिती आहे. वरच्याच 90-10 मध्ये आरच्या नजरेने बघा, त्याला भेटणारे बहुतेक आर, म्हणजे आपल्याच हाताचे. एसला भेटणारेही बहुतेक आरच, पण त्याच्यासाठी ते उलट्या हाताचे. देवाणघेवाण इतकी वेगात चालते की एनएमआरला फक्त सरासरी दिसते, आणि दोघांची सरासरी वेगळी म्हणून सिग्नल दोन. इंटिग्रेशन करा, गुणोत्तर आर आणि एसच्या प्रमाणाइतकंच यायला हवं, कुठलाही कायरल रीएजंट न घालता. पूर्ण शुद्ध सँपलमध्ये एकच सेट दिसेल आणि गंमत म्हणजे रेसेमिकमध्येही (आर आणि एस निम्मे-निम्मे) एकच, कारण तिथे दोघांना दोन्ही हात सारखेच भेटतात. 1969 मध्ये डायहायड्रोक्विनिनवर हेच छापून आलंय, रेसेमिक आणि शुद्ध यांचे स्पेक्ट्रा वेगळे.

खात्री करायची तर एनएमआर ट्यूबमधलं सँपल पातळ करत जा, दोन सेट एकमेकांकडे सरकतील. किंवा सीडी३ओडीचे (ड्युटेरियमवालं मिथेनॉल) थोडे थेंब टाका, पण मग एनएचचा सिग्नल एक्स्चेंजमुळे जाईल, मिथाइलवर लक्ष ठेवा. भेसळ असेल तर तिचे सिग्नल असे एकात मिसळून जाणार नाहीत.

पोलरीमीटरचा वाकडेपणा, म्हणजे रोटेशन ईईच्या सरळ प्रमाणात न येणं, म्हणजे होरो इफेक्ट, तोही 1969 चाच, 2-इथाइल-2-मिथाइलसक्सिनिक अ‍ॅसिडवर. यात एक बारकावा आहे. जोड्या निव्वळ योगायोगाने लागल्या तर आर-एसचं रोटेशन शून्य, 81 मधून 1 गेला, 80 उरले, म्हणजे रेषा सरळच राहते. तुमची वाकतेय याचा अर्थ एका प्रकारची जोडी रेणूंना जास्त पसंत आहे. म्हणून असल्या सॉल्व्हंटमधल्या रोटेशनवरून ईई काढूच नये, फार तर मिथेनॉलमध्ये मोजून सॉल्व्हंट, काँसंट्रेशन, तापमान सगळं लिहून द्यावं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे! लगेच करून बघितलं, पातळ केल्यावर दोन्ही डबलेट जवळ येत येत एक झाले, आणि पातळ करायच्या आधीचं इंटिग्रेशन त्या बॅचच्या एचपीएलसीला अगदी धरून आहे. आता कॉलमचं सांगा, एचपीएलसीवर विश्वास ठेवू ना? आणि टेबलमध्ये काय लिहू?

प्रतिसाद १:
कायरल एचपीएलसीवर ठेवा, तिथे सँपल अगदी पातळ असतं आणि मोबाइल फेजमध्ये अल्कोहोल असतं, जोड्या टिकत नाहीत. प्रश्न मशीनचा नाही, तुम्ही त्याला काय खायला घालता याचा आहे. क्रूडचा ईई कॉलमच्या आधी मोजा आणि टेबलमध्ये तोच द्या. कॉलमनंतरचा द्यायचा तर स्पॉटच्या आधीच्या आणि नंतरच्या फिकट ट्यूबांसकट सगळं एकत्र करा, मग मोजा, दोन्ही जुळले पाहिजेत. पुढच्या वेळी एल्युएंटमध्ये (कॉलममधून सोडायच्या सॉल्व्हंटमध्ये) थोडं मिथेनॉल घालून बघा, फरक बहुतेक कमी होईल.

आणि प्रॉडक्ट घन असेल तर स्पॅच्युलाच्या टोकावर येईल तेवढं उचलून देऊ नका. रेसेमिकचे आणि शुद्ध एनँशिओमरचे क्रिस्टल बहुधा वेगळे असतात, फ्लास्कच्या कडेला एक आणि तळाला दुसरं बसलेलं असू शकतं, सबलिमेशन होणारं असेल तर हाय व्हॅक्यूमवरही ईई हलतो. सगळं पूर्ण विरघळवा, ढवळा, मग त्यातून घ्या. सीनियरना तुमचा ट्यूबवार ईईचा तक्ता दाखवा, आणि पेपरच्या सपोर्टिंग माहितीत तो जरूर टाका, पुढे हेच अमाइड करणाऱ्यांना तो लागणार आहे.