सिकलसेल सोल्युबिलिटी टेस्ट: नळी धड गढूळ नाही, धड स्वच्छ नाही

तंत्रज्ञ_विदर्भ
रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन एस आहे का ते बघायच्या या टेस्टचं रिएजंट (तपासणीचं द्रावण) आम्ही लॅबमध्येच करतो. एका लिटरला डायपोटॅशिअम हायड्रोजन फॉस्फेट २१५ ग्रॅम, पोटॅशिअम डायहायड्रोजन फॉस्फेट १६९ ग्रॅम, सोडिअम डायथायोनाइट ५ ग्रॅम, सॅपोनिन १ ग्रॅम. २ मिलि रिएजंटमध्ये २० मायक्रोलिटर रक्त टाकून ५ मिनिटांनी नळीमागे रेघांचं कार्ड धरून वाचतो; गढूळपणामुळे रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. सोमवारचं रिएजंट शनिवारपर्यंत चालवलं की एएस कंट्रोलच्या (माहीत असलेल्या वाहकाच्या रक्ताच्या) नळीतूनही मागच्या रेघा पुसटशा दिसतात. आणि उलट, काही नळ्या हलक्या धूसर होतात, पण एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी यंत्रावरची तपासणी) नॉर्मल येतं. एकाच रिएजंटने दोन्हीकडे चुका कशा?

बफरबहाद्दर
दोन्हींची कारणं वेगळी आहेत. आधी कंट्रोलचं बघू.

गढूळपणा येतो तो ऑक्सिजन काढून घेतलेल्या हिमोग्लोबिन एसमुळे. तीव्र फॉस्फेटमध्ये ते विरघळत नाही, नेहमीचं हिमोग्लोबिन ए विरघळलेलं राहतं. ऑक्सिजन काढून घेण्याचं काम डायथायोनाइटचं, आणि ते हवेतल्या ऑक्सिजननेच खर्ची पडतं. बाटली जितक्या वेळा उघडाल तितकं ते मरतं. रक्त टाकल्यावर रंग बघा: रिएजंट जिवंत असेल तर लाल रंग लगेच जांभळट, काळपट होतो. तांबडा लालभडकच राहिला तर क्षपण झालेलंच नाही, म्हणजे ऑक्सिजन निघालेलाच नाही, ती नळी वाचूच नका.

तयार रिएजंट फ्रिजमध्ये फार तर ७ दिवस टिकतं, तेही बूच घट्ट असेल तर. माझं मत विचाराल तर फॉस्फेटचं द्रावण वेगळं ठेवा आणि डायथायोनाइट, सॅपोनिन त्या दिवशीच घाला. २० नमुने आणि २ कंट्रोल म्हणजे ४४ मिलि. ५० मिलि करा, त्यात डायथायोनाइट ०.२५ ग्रॅम आणि सॅपोनिन ५० मिग्रॅ. पावडरचे खडे झाले असतील, उग्र वास मारत असेल तर डबा टाकून द्या. काही डब्यांवर सोडिअम हायड्रोसल्फाइट लिहिलेलं असतं, ते हेच. स्लाइडवरच्या सिकलिंग टेस्टचं मेटाबायसल्फाइट मात्र वेगळं, त्याच्यावर इथे भागवू नका.

स्पिन_मास्टर
धूसर नळ्यांचा दोष रिएजंटला देऊ नका, तो बहुधा प्लाझ्माचा आहे. लिपेमिक (चरबीयुक्त) नमुना, वाढलेली प्रथिनं किंवा पॅराप्रोटीन (असामान्य प्रथिन) असलं की पूर्ण रक्ताने नळी धुरकट होते. ईडीटीएचं (गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं) रक्त फिरवून प्लाझ्मा काढा आणि १० मायक्रोलिटर पॅक्ड सेल (खाली बसलेल्या तांबड्या पेशी) घाला. याने अॅनिमियाचाही प्रश्न सुटतो, नाहीतर हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेल्याची खरी पॉझिटिव्ह नळी निगेटिव्ह वाटते.

शंका असलेली नळी १२०० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या १२०० पट) ५ मिनिटं फिरवा. आरपीएम सेंट्रिफ्यूजप्रमाणे बदलतो; १५ सेमी त्रिज्येला साधारण २७००. पॉझिटिव्ह असेल तर गडद लाल थर वर येतो, खाली द्रावण गुलाबी किंवा जवळजवळ बिनरंगी. नवखे तळाशी गोळा शोधत बसतात, पण फॉस्फेटच इतकं जड असतं की साका वर तरंगतो. निगेटिव्हमध्ये वर थर नसतो, रंग सगळीकडे सारखा.

निगेटिव्ह कंट्रोलही गढूळ आला तर पेशी फुटलेल्या नाहीत, त्या फोडणारं सॅपोनिन तपासा. आणि नळी जोरात हलवू नका, हळूच उलटीपालटी करा. फेस झाला की हवा आत जाते.

बफरबहाद्दर
फ्रिजमधलं रिएजंट खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड नळीला बाहेरून दव धरतं आणि रेघा त्यानेच पुसट दिसतात. नळी रेघांच्या कार्डापासून २.५ सेमीवर धरायची, चिकटवून नाही.

मोलर_मामा
डायपोटॅशिअमच्या बाटलीवरचं लेबल वाचलंत का? २१५ ग्रॅम हे निर्जल मिठाचं वजन आहे. ट्रायहायड्रेट (पाणी धरलेलं मीठ) असेल तर २८२ ग्रॅम लागेल. नाहीतर एकूण फॉस्फेट २.५ ऐवजी जेमतेम २.२ मोलर होतं आणि एस नीट साकळत नाही.

तंत्रज्ञ_विदर्भ
ट्रायहायड्रेटच आहे! वजन २१५ च घेत होतो. म्हणजे सोमवारपासूनच कंट्रोल काठावर होता.
पॉझिटिव्ह आलेल्यांच्या रिपोर्टवर ‘वाहक’ लिहिलं तर चालेल का?

स्पिन_मास्टर
नाही. एएस (वाहक), एसएस (सिकलसेलचा आजार), एस-बीटा थॅलेसेमिया, एसडी (एससोबत हिमोग्लोबिन डी) सगळेच गढूळ दिसतात. ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ एवढंच लिहा आणि नमुना एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवा. ६ महिन्यांखालच्या बाळाची ही टेस्ट करूच नका, हिमोग्लोबिन एफ (गर्भातलं) जास्त आणि एस कमी असल्याने निगेटिव्ह येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलेल्याचंही तसंच. वाहकाला सोबत अल्फा थॅलेसेमिया असेल तर एसचं प्रमाण कमी असतं, तिथे गढूळपणा फिका पडतो. अशा नळ्या संशयित धरूनच पाठवा.