कॉम्प्युटरने 'किती वेळ चालू आहे' हे भलतंच सांगितलंय का कधी? अनुभव लिहा

मी सुरू करतो. भुसावळला झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, त्यात एक जुनं लिनक्सचं मशीन. परवा त्यावर 'लास्ट रीबूट' (मशीन कधी चालू झालं, किती वेळ चाललं याची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर एका नोंदीपुढे 5,600 दिवस! अरे दुकान काढूनच आठ वर्षं झालीत. खोलून पाहिलं तर बोर्डावरचा तो रुपयाएवढा सेल, 2032 नंबरचा, कडेने पांढरा पडलेला. सेल मेला म्हणून चालू होताना घड्याळ 1 जानेवारी 2010 ला गेलं, नोंद तीच पडली, मग नेट जोडल्यावर तारीख सुधारली आणि बंद करताना वजाबाकी झाली पंधरा वर्षांची. गंमत म्हणजे साधी 'अपटाइम' कमांड तेव्हा बरोबर तीन तासच दाखवत होती, कारण ती तारीख बघतच नाही, चालू झाल्यापासून मोजत जाते.

जळगावहून : माझं उलटं भो. रोज संध्याकाळी शटडाऊन करतो तरी टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम 41 दिवस. साहेब म्हणे रात्रभर चालू ठेवतोस, बिल कोण भरणार! घड्याळ ठीकच होतं, विंडोज 10 चं फास्ट स्टार्टअप चालू होतं. त्यात शटडाऊन केलं तरी आतला गाभा हायबरनेट होतो, म्हणजे बंद न होता डिस्कवर साठवला जातो, मोजणी शून्यावर येत नाही. रीस्टार्ट केलं की येते. साहेबांना हे समजावण्यात अर्धा दिवस गेला, पटलं की नाही देव जाणे.

धुळ्याहून : एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेत का कोणी? विंडोज बोर्डाच्या घड्याळात आपली इथली वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) समजून वर साडेपाच तास चढवतं. सकाळी 10 ला चालू केलेलं मशीन नोंदीत दुपारी 3:30 ला चालू झालेलं, आणि जेवायच्या सुट्टीत मी बंदही केलं होतं! लिनक्सला 'घड्याळात लोकल वेळ आहे' असं सांगितलं, मिटलं.

नंदुरबारहून : विंडोज 98 आठवतं का? मिलीसेकंद मोजणारा 32 बिटचा काउंटर 49.7 दिवसांनी भरायचा आणि मशीन अडकायचं म्हणे. म्हणे अशासाठी की आमच्याकडे तेव्हा सलग 49 तास लाईट राहिली तरी लोक पेढे वाटायचे.