दहावी गणित: एकास-एक शिकवणीसाठी शिक्षक कसा पारखावा?

मीठभाकर:
मुलगी दहावीत, राज्य मंडळ, सेमी. क्लासच्या बॅचमध्ये 35 मुलं. सरावातली गणितं येतात, आकडे बदलले की अडते. स्वतंत्र शिकवणी लावताना शिक्षकाची पदवी बघावी की अनुभव? आठवड्याला किती तास?

कर्कटक:
दोन्ही विचारा, पण ठरवा पहिल्या तासावरून. त्या तासाला तुम्ही खोलीतच बसा. मुलीला क्ष² − 5क्ष − 6 = 0 सूत्राने सोडवायला द्यायला सांगा. विवेचक, म्हणजे सूत्रातला वर्गमुळाखालचा भाग, 25 + 24 = 49 यायला हवा. 6 चं ऋण चिन्ह हरवलं की 25 − 24 = 1 होतो आणि उत्तरं 3 व 2 येतात, दिसायला अगदी बरोबर! आता शिक्षकाकडे लक्ष ठेवा. वही ओढून त्याने स्वतःच सोडवून दाखवलं, तर बॅचच घरी आली म्हणायची. चांगला शिक्षक म्हणेल, "3 ठेवून बघ." 9 − 15 − 6 = −12, शून्य नाही. मग कुठली ओळ चुकली ते तिलाच शोधू देईल आणि तोवर गप्प बसेल. एकास-एकचा खरा फायदा हाच, चूक त्याच मिनिटाला सापडते. बॅचमध्ये ती चाचणीच्या पेपरात कळते, तोवर तीच चूक वहीभर घोटून झालेली असते.

त्रिज्या:
आकडे बदलल्यावर अडतं म्हणजे कच्चेपणा बहुधा सातवी-आठवीतला. आधी दहा गणितांची चाचणी घ्यायला सांगा: ऋण संख्या, अपूर्णांक, कंस, अवयव. 7 − 2(क्ष − 3) चं उत्तर 13 − 2क्ष ऐवजी 1 − 2क्ष आलं, तर वर्गसमीकरणं थांबवून कंसांवर तीन-चार तास गेले तरी चालतील. पहिला महिना "पोर्शन किती झाला?" विचारू नका, त्यानेच शिक्षक घाई करतात.

सलग दोन तासांपेक्षा आठवड्यातून दोनदा एकेक तास बरा. शेवटची दहा मिनिटं मदतीशिवाय दोन गणितं, एक आजचं, एक पंधरा दिवसांपूर्वीचं. भूमितीलाही लेखी 40 गुण आहेत, ती मागे पडू देऊ नका. समरूप त्रिकोण लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम चुकला की पुढची सगळी गुणोत्तरं चुकतात.

श्रेढी:
अमेरिकन शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या 1984 च्या लेखाचा दाखला नेहमी दिला जातो: एकास-एक शिकलेलं सरासरी मूल वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढे. पण त्यात घटक पक्का झाल्याशिवाय पुढे न जाण्याची अटही होती, आणि नंतरच्या अभ्यासांत फायदा बराच कमी दिसला. म्हणून शिक्षकाला हे जरूर विचारा: घटक पक्का झाला हे तुम्ही कशावरून ठरवता?

ऑनलाइन असेल तर कॅमेरा वहीवर हवा, चेहऱ्यावर नको.

मीठभाकर:
शाळेचा गृहपाठ शिकवणीत करून घ्यावा का?

कर्कटक:
नको. आधी एकटीने सोडवायचा, अडलेल्या ओळीखाली रेघ मारायची आणि तेवढंच घेऊन बसायचं.