मदत हवी आहे : विद्यापीठातलं मोफत विज्ञान व्याख्यान मुलांना झेपेल का, हे आधी कसं ओळखायचं?

भाचीला (वय १२, सातवीत) विद्यापीठातल्या मोफत विज्ञान व्याख्यानांना नेते. प्रवेश सर्वांना खुला असतो, नावनोंदणीचीही अडचण नाही. अडचण पातळीची आहे. 'सर्वांसाठी' लिहिलेलं एखादं व्याख्यान खरंच सर्वांसाठी असतं, तर एखादं थेट संशोधकांसाठी.

मागच्या वेळी विषय गुरुत्वीय लहरींचा (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा) होता. २०१५ साली त्या पहिल्यांदा टिपल्या गेल्या, तेव्हा लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या ४ किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी कमी होता, हे ऐकून तिने वहीत काटकोनातल्या दोन भुजा काढल्या. पुढची चाळीस मिनिटं पडद्यावर नुसती समीकरणं. वही मिटली ती मिटलीच. मला फार वाईट वाटलं, कारण तिची आवड मनापासूनची आहे.

करून पाहिलेलं : सारांश आधी वाचला, पण तोही बहुधा तज्ज्ञांच्याच भाषेत असतो. वक्त्यांची जुनी भाषणं शोधली, क्वचितच सापडली. आयोजकांना ईमेल केली, 'कोणीही येऊ शकतं' एवढंच उत्तर आलं. घरी व्हिडिओ दाखवते, पण तिला समोर बसून प्रश्न विचारायचा असतो, म्हणून तो पर्याय सुचवू नका. शाळेमुळे संध्याकाळचीच व्याख्यानं जमतात. मी स्वतः वाणिज्य शाखेची, त्यामुळे शेजारी बसून समजावणं मला जमत नाही.

जे अशी व्याख्यानं देतात किंवा भरवतात त्यांना विचारते : जाहिरातीतल्या नेमक्या कोणत्या खुणांवरून पातळी कळते? आणि आयोजकांना कोणता प्रश्न विचारला तर नेमकं उत्तर मिळेल?