मदत हवी आहे : पोर्तुगालमधल्या कोविल्यां गावात विद्यार्थी म्हणून राहिलंय का कोणी?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण सप्टेंबरपासून कोविल्यांच्या बैरा इंटीरियर विद्यापीठात मास्टर्स करणार आहे. सेर्रा द एश्त्रेला डोंगराच्या उतारावरचं हे गाव, एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांचं. विद्यापीठाचे काही विभाग त्या जुन्या गिरण्यांमध्येच भरतात, हे मला फार आवडलं. लिस्बनबद्दल नेटवर ढिगाने माहिती मिळते, अशा गावांबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही.

जेवणाची काळजी नाही. २०१७ च्या कायद्यामुळे तिथल्या सरकारी कँटीनमध्ये शाकाहारी पर्याय ठेवावाच लागतो. प्रश्न आहे तो 'प्राश'चा, म्हणजे तिथल्या कॉलेजांतल्या रॅगिंगसारख्या प्रथेचा. काळे झगे घातलेले सीनियर नव्या मुलांना गाणी म्हणायला लावतात, गावभर फिरवतात वगैरे. कागदावर हे ऐच्छिक आहे, पण नाही म्हटलं तर मित्र मिळतात का? मास्टर्सवाल्यांना, त्यातून परदेशी, बोलावतात तरी का? (आईला यातलं काही सांगितलेलं नाही.)

शनिवार-रविवारी मुलं आपापल्या घरी जातात आणि गाव ओस पडतं, असं ऐकलंय. मग मागे राहिलेले काय करतात? २० युरोच्या मासिक रेल्वे पासवर लिस्बनला जाऊन येणं जमतं का?

आणि थंडी! जुन्या घरांत हीटिंग नसतं म्हणे. खोली बघताना नेमकं काय विचारायचं? पोर्तुगीज न येता कॅफेत अर्धवेळ काम मिळतं का? पोर्तुगालमधल्याच ब्रागा, अवेइरू, एव्होरा या शहरांकडचे अनुभवही चालतील.